शकुनबाईंची पाटीबंदी

शकुनबाई कापगते यांच्या अंगणवाडीत आलं आणि पाटी हातात न घेता घरी गेलं, असं लेकरू चोवीस वर्षांत झालं नाही. तीन वर्षांचं असो की पाच वर्षांचं, आल्या आल्या पाटी. शकुनबाई मागून वाकायच्या, लेकराची मूठ आपल्या मुठीत घट्ट धरायच्या आणि 'अ' ओढायच्या. मग दुसरं लेकरू, मग तिसरं. दुपारपर्यंत कंबर धरायची. पण गावात नाव होतं. "बाईच्या हाताखाली गेलं का लेकरू लिहाले लागते," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की शकुनबाईंची कंबर आपोआप सरळ व्हायची.

नाव सोडलं तर अंगणवाडी सेविकेला दुसरं मिळतं तरी काय? मतदार यादी आली, बोलवा सेविकेला. हत्तीरोगाच्या गोळ्या आल्या, वाटणार सेविका. गावात कोण गरोदर, कोण बाळंत, कोणाच्या घरी संडास नाही, सगळं तिनं लिहायचं. ज्या लेकरांसाठी तिला नेमलं, त्यांना शिकवायचं ते उरलेल्या वेळात. तरी शकुनबाईंनी ते कधी उरलेल्या वेळात केलं नाही. हट्टी बाई. तोंडाची फटकळ. वय एक्कावन्न.

गाव लाखनीपासून सहा किलोमीटर आत. यंदा तिकडून, हायवेकडून, एक नवं संकट पिवळ्या रंगात येणार होतं. ट्रक थांबतात त्या ढाब्यांच्या रांगेपलीकडे एक कॉन्व्हेंट निघालं होतं आणि जुलैतल्या दुसऱ्या सोमवारपासून त्याची व्हॅन गावात येणार होती. कॉन्व्हेंटचा माणूस टाय लावून घरोघर फिरत होता. पहिलं नाव दिलं मधुकररावांनी. मधुकरराव म्हणजे गावातले धानाचे व्यापारी. त्यांनी ज्या कंपनीचं ट्रॅक्टर घेतलं, त्याच कंपनीचं गावानं घेतलं. त्यांची नात गुंजन, वय चार, शकुनबाईंच्या एकोणीस लेकरांपैकी एक. ती गेली की मागे किती जातील, याचा हिशोब करायला बारावी पास व्हावं लागत नाही.

वर आणखी एक कुजबुज होती. ज्या केंद्रात लेकरं कमी, ते शेजारच्या गावच्या केंद्राला जोडणार म्हणे. कागद कोणी पाहिला नव्हता. पण असल्या गोष्टींत कुजबुज आधी येते आणि कागद मागून. शकुनबाईंना आपली काळजी नव्हती, त्या चालत गेल्या असत्या. पण व्हॅनचे पैसे ज्यांच्याकडे नाहीत, त्यांची तीन वर्षांची लेकरं रस्ता ओलांडून दुसऱ्या गावात कशी जाणार? ती घरीच बसणार, नाहीतर आईसोबत धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर.

आणि नेमका ह्याच आठवड्यात सेविकांच्या ग्रुपवर आदेश आला. तीन दिवसांचं प्रशिक्षण, लाखनीला, दहा ते पाच, गैरहजेरी चालणार नाही.

"गावात घर जळून राहिलं, आन् हे मले पोहाले शिकवतात!" शकुनबाई मदतनीस तुळसाला म्हणाल्या.

"जा ना बाई," खिचडी ढवळत तुळसा म्हणाली. "तीन दिवस बसाले तरी भेटते."

प्रशिक्षण द्यायला आलेली मुलगी सत्तावीस वर्षांची होती. कामिनी तिचं नाव, पायात बूट, आवाज खणखणीत. तिनं साठ सेविकांना गोल उभं केलं आणि टाळ्या वाजवत बेडकाचं गाणं म्हणायला लावलं. काहींचे गुडघे कुरकुरले. शकुनबाईंनी टाळी वाजवली, उडी मारली नाही.

मग मॅडमनी फळ्यावर लिहिलं की तीन-चार वर्षांच्या लेकराला लिहायला लावायचं नाही. आधी खेळ, गोष्ट, गाणं, बोटांचं काम. लिहिणं नंतर.

शकुनबाई उठल्या. "मॅडम, एक विचारू? लग्न झालं तुमचं?"

"नाही, ताई."

"मंग लेकरू?"

"लग्नाआधीच कुठून आणू, ताई?" कामिनी म्हणाली आणि सभागृहात हशा फुटला. शकुनबाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"हसू नका. लेकरू घरी जाऊन काही लिवून दाखवत नाही, तं बाप म्हणते अंगणवाडीत फक्त खिचडी भेटते. तुमी फळ्यावर लिवून मोकळ्या. गावात तोंड आमाले द्या लागते."

"माझी आई सेविका आहे. आसगावला," कामिनी म्हणाली. "मी तिच्याच पाटीवर शिकले. तुम्ही म्हणता ते सगळं ती मला रोज रात्री जेवताना ऐकवते. उद्या बोलू आपण."

शकुनबाई बसल्या. पोरगी कागदावरची नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. राग मात्र गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कामिनीनं प्रत्येकीला कोरा कागद दिला. "डाव्या हातानं लिहा. पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. दोन मिनिटं."

सुरुवातीला मजा वाटली. साठ बाया वाकून लिहू लागल्या, रेघा सापासारख्या पळू लागल्या. तेवढ्यात कामिनीचा आवाज बदलला. ती रांगांमधून फिरू लागली. "लवकर! शेजारणीचं झालं बघा. हे काय काढलं? कोंबडी चालली का कागदावरून? लक्ष कुठं आहे?" कोणी खिदळलं, तर तिच्यावरही ओरडली. शकुनबाईंचा 'श' तिसऱ्यांदा बिघडला. कपाळावर घाम आला. आणि मागून कामिनी वाकली, त्यांची डावी मूठ आपल्या मुठीत घट्ट धरली आणि ओढली. असा 'श', असा!

बोटातली अंगठी मांसात रुतली. "हात सोडा!" शकुनबाई ओरडल्या.

कामिनीनं हात सोडला आणि आपल्या मूळ आवाजात विचारलं, "किती दुखलं, ताई?"

शकुनबाईंना अंकुश आठवला होता. तीन वर्षांपूर्वीचा, काळासावळा, गप्प पोरगा. त्या मागून वाकायला लागल्या की तो उजवा हात शर्टाच्या आत लपवायचा. सगळी पोरं हसायची. शकुनबाई त्याला कामचोर म्हणायच्या आणि शर्टातून हात ओढून बाहेर काढायच्या. एकदा त्या हातावर फटकाही दिला होता. तो कामचोर नव्हता. त्याला माहीत होतं पुढं काय होणार, एवढंच.

चहाची सुट्टी झाली. शकुनबाई चहाला उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कामिनीला सोडलं नाही. चिमटीची पकड कशी तयार होते? कात्री कोणत्या वयात द्यायची? लेकरू बोलतच नसेल तर? एवढे प्रश्न, की मागच्या रांगेतून आवाज आला, "शकुनबाई, बस निघून जाईन!" त्यांनी वहीची सतरा पानं भरली. सोबत छापील कागद मिळाले. त्यात खेळाचे कोपरे होते, आणि एका ओळीत लिहिलं होतं: ओतणे, भरणे, चाळणे, यासाठी वाळू किंवा धान्य वापरावे.

परत आल्या आल्या त्यांनी एकोणीस पाट्या कपाटात घातल्या आणि कुलूप लावलं.

तुळसानं डोळे मोठे केले. "बाई, लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

"तुमाले कोण म्हणते? तुमाले भेतात. बोअरवर पाणी भराले मी जातो, मले म्हणतात!"

पण कोपरे सजले. एकीकडे चिंचोके, चिमटीनं उचलून बाटलीत टाकायला. एकीकडे कणकेचा गोळा. एकीकडे जुन्या साड्यांच्या चिंध्या, गाठी मारायला. राहिला ओतण्या-भरण्याचा कोपरा. वाळू कुठून आणायची? पावसाळ्यात वाळूचा ट्रक गावात फिरकत नाही. शकुनबाईंनी कागद पाहिला, 'किंवा धान्य' वाचलं, आणि घरच्या ढोलीतलं दोन पायल्या धान आणून मोठ्या घमेल्यात ओतलं.

लेकरं वेडी झाली. वाट्या, डबे, ग्लास घेऊन तुटून पडली. भरतात, ओततात, पुन्हा भरतात. थोड्या वेळानं घमेलं पुरेना, तेव्हा शकुनबाईंनी धान ताडपत्रीवर पसरलं. गुंजन फतकल मारून त्यात बसली आणि पाय हलवू लागली. दोघं-तिघं धावत येऊन त्यात उड्या मारू लागले. असा आवाज ह्या खोलीत चोवीस वर्षांत झाला नव्हता.

"बाई," तुळसा हळूच म्हणाली, "पाय लागून राहिला…"

"कागदात लिवलं आहे," शकुनबाई म्हणाल्या.

मधुकरराव त्या दिवशी नातीला न्यायला लवकर आले. दारात त्यांनी ताडपत्री पाहिली आणि पहिलं काम काय केलं, तर पायातली चप्पल काढली. धानाचा ढीग दिसला की त्यांचा पाय आपोआप चपलेतून बाहेर येतो. गावातल्या सगळ्यांचाच येतो. मग त्यांना ढिगावरचे पाय दिसले.

"बाई! हे काय चाललं?"

"खेळ आहे, मधुकरभाऊ. ओताचं, भराचं…"

"धानात पाय? धानावर उड्या?" त्यांचा आवाज फाटला. "तुमी घरच्या खळ्यावर चप्पल घालून जाता का? तुमचा सासरा असता तं काय केलं असतं त्यानं?"

शकुनबाईंनी लेकरांना ताडपत्रीवरून बाजूला घेतलं. दरवर्षी मळणीचा चुरणा झाला की ढिगाला कपाळ टेकवणारी बाई ती. पाच बांधी धान स्वतः कापणारी. कागदातल्या एका ओळीपायी खळं विसरली होती.

मधुकररावांनी गुंजनला उचललं. तिच्या फ्रॉकमधून धान गळत होतं. "सोमवारपासून व्हॅन," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाईनं पाट्या बंद केल्या आन् पोट्ट्यांले लक्षुमीवर नाचाले शिकवून राहिली. दुसऱ्या दिवशी एकोणिसांपैकी आठ लेकरं आली.

शकुनबाईंनी कामिनीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, चूक आमची आहे. ती ओळ मीही तीनशे बायांना वाचून दाखवली. माझ्या लक्षात यायला हवं होतं. शनिवारी पालकसभा घ्या, मी येते, मी समजावते."

"तुमची चूक तुमी पाहा, माही मी पाहतो. सभेले येऊ नका. सरकारी माणूस आला का लोक ऐकत नाही, सह्या करतात."

शनिवारी संध्याकाळी सभा भरली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, जोरात सुरू होता, त्यामुळं बाया बांधीतून थेट आल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, कंबरेवर हात. पुरुष भिंतीला टेकून. मधुकरराव एकटेच खुर्चीवर. शकुनबाईंनी दोन दिवस मनात भाषण घोकलं होतं. उभ्या राहिल्या आणि ते सगळं उडालं.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "धानाले पाय लागला, माह्या डोळ्यादेखत. कागदात होतं म्हून केलं. कागदाले खळं मालूम नाही. मले मालूम होतं. मी ते धान पाखडून देवापुढं ठेवलं, हात जोडले. आज तुमच्यापुढं जोडतो."

शकुनबाईंना हात जोडताना गावानं पहिल्यांदा पाहिलं. कोणी खाकरलं. कोणाला कुठं पाहावं ते कळेना.

मधुकरराव व्यापारी माणूस. सौदा केव्हा करायचा ते त्यांना कळतं. "झालं, बाई. चूक मानली, विषय संपला. आता सोमवारी पाट्या काढा. पाट्या सुरू, तं माही नात इथंच. मी व्हॅनवाल्याले नाही सांगतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. तुळसा तर हसलीच. एवढं सोपं होतं. कपाटाचं कुलूप उघडायचं, एकोणीसच्या एकोणीस लेकरं परत, केंद्र शाबूत, नाव शाबूत. किल्ली शकुनबाईंच्या कंबरेलाच होती.

"नाही," शकुनबाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"पाटी नाही."

"अवो बाई, डोकं फिरलं का?" तुळसा पुटपुटली.

शकुनबाई मधुकररावांकडं न पाहता बायांच्या घोळक्यात बसलेल्या गोदावरीबाईंकडं वळल्या. गोदावरीबाई सत्तरीच्या, रोवणाऱ्या बायांच्या टोळीच्या म्होरक्या. कोणाला बांधीत उतरवायचं, कोणाला नाही, हे त्या ठरवतात.

"गोदावरीआते, उद्या रोवाले गुंजनले नेता का?"

"काहीच्या काही! चार वर्षांची पोट्टी."

"काहून नाही? पऱ्ह्याच्या रोपाची एक काडी तं चिखलात खोसाची आहे."

"तुले काडी वाटते?" गोदावरीबाई चिडल्या. त्यांनी हात पुढं केला, अंगठा आणि दोन बोटं जुळवून हवेत दाबली. "ह्या तीन बोटांत जोर लागते. जोर कमी पडला का पऱ्हं चिखलात धरत नाही, सांजेले पाण्यावर तरंगते. नव्या पोरीले मी पहिल्या साली पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकाले लावतो. बोटं तयार झाली का मंग बांधीत उतरवतो."

"तिले घाई केली तं?"

"तं रोवणाही वाया आन् पोरगीही. कंबर धरून बसते, मंग साऱ्या जलमाचा कंटाळा."

शकुनबाईंनी खिशातली, म्हणजे ब्लाऊजमध्ये खोचलेली पेन्सिल काढली आणि धरून दाखवली. अंगठा आणि दोन बोटं. "हेच तीन बोटं, आते. पोट्ट्याच्या बोटात जोर नाही आला, आन् चोवीस वर्षं मी त्याची मूठ ओढून राहिली. ह्या गावातल्या किती जणांचे हात मी दुखवले, ते तुमालेच मालूम. तुमच्यातले काही इथंच भिंतीले टेकून उभे आहेत."

भिंतीजवळ दोन-तीन बाप्ये उगाच हसले. एकानं नकळत आपला पंजा चोळला.

"चिंचोके उचलणं, कणीक मळणं, गाठी मारणं, हे पेंढ्या फेकणं आहे," शकुनबाई म्हणाल्या. "पेन्सिल मी देणारच. बोटं तयार झाल्यावर देईन."

"आन् कॉन्व्हेंटमंधी तिसऱ्या वर्षापासून लिवतात ते?" मधुकररावांनी विचारलं.

गोदावरीबाई त्यांच्याकडं वळल्या. "मधुकर, तू कधी रोवलं का रे?"

"मी? मी कायले…"

"मंग चूप बस."

बाया अशा हसल्या की दिवसभराच्या कंबरा सुटल्या. मधुकरराव लाल झाले. आणि त्या हसण्यात एक बारीक आवाज आला. त्यांची सून शालू, गुंजनची आई, पदर ओढून मागे बसली होती. सासऱ्यापुढं ती कधी चार माणसांत बोलली नव्हती.

"मामाजी," ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "पाटी होती तवा गुंजन झोपताना हात दाबून मागत होती. या आठवड्यात नाही मागितला."

मधुकरराव उठले, चप्पल घातली आणि गेले. सभा तशीच विस्कटली.

रविवार शकुनबाईंनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. दोनदा कपाटाजवळ गेल्या, एकदा तर किल्ली कुलपात घातली. मग स्वतःवरच खेकसल्या आणि शेतात निघून गेल्या.

सोमवारी सकाळी व्हॅन आली. पिवळी, नवी कोरी, हॉर्न असा की म्हशी उधळाव्या. चौकात थांबली. टायवाल्या माणसाच्या हातात सात नावांची यादी होती. शकुनबाई अंगणवाडीच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि आपण पाहत नाही असं दाखवायला दार पुसत होत्या. एक लेकरू चढलं. दुसरं रडत चढलं. तिसरं चढलं. हॉर्न पुन्हा वाजला, पुष्कळ वेळ वाजला. मग दार आपटलं आणि व्हॅन तिघांना घेऊन धूळ… नाही, चिखल उडवत गेली.

इकडं एकेक येऊ लागलं. तुळसा बोटं मोडून मोजत होती. "दहा, अकरा… बाई, बारा झाले!" गुंजन त्यांत नव्हती.

साडेदहाला मधुकरराव आले. बोटाला गुंजन. ती हात सोडवून चिंचोक्यांकडं पळाली, आजोबांकडं वळून पाहिलंही नाही.

"दिवाळीपर्यंत," मधुकरराव म्हणाले. "दिवाळीपर्यंत पाहीन. नाही जमलं तं व्हॅन."

"पाहा ना. पण उभ्यानं काहून? पाहाचं तं बसून पाहा."

"मले दुकान आहे."

"दुकान कुठं पळून जात नाही. बसा. ह्या लेकरांले गोष्ट सांगा. आजी-आजोबांले बोलवा, असं कागदात लिवलं आहे." शकुनबाई थबकल्या, मग म्हणाल्या, "आन् ही ओळ मी दोनदा वाचून पाह्यली, हिच्यात काही चूक नाही."

"मले कायची गोष्ट येते?"

"धानाच्या जाती येतात ना?"

मधुकरराव घुटमळले. मग हातपाय आवरत, जड शरीर सांभाळत सतरंजीवर बसले. "चिन्नोर," ते म्हणाले. लेकरं चिंचोके टाकून जवळ आली. "चिन्नोर कशी राहते, मालूम आहे का? शिजली का शेजारच्या घरापर्यंत वास जाते. मंग हिरानक्की. मंग लुचई…"

"लुचई!" एक पोरगं हसून लोळलं. "लुचई, लुचई!"

"हसतं काय बे? माह्या आजानं लावली होती लुचई, त्या बोडीच्या तळ्याखालच्या बांधीत. सांगू का काय झालं?"

"सांगा!"

शकुनबाईंनी हजेरी मांडली. तेरा. दोघं तापानं घरी आहेत, हे त्यांना माहीत होतं. एक आजोळी. आणि तीन व्हॅनमध्ये. त्यांनी त्या तिघांची नावं हजेरीतून काढली नाहीत, तशीच ठेवली.

"तुळसा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सांजेले रोवणा सुटला का त्या तिन्ही घरी जाऊ. तूही चल."

"मी कायले?"

"मी बोलली का भांडण होते. तू बोलजो."